भीक की दाम?



अपंगांनी हातमागावर विणलेले कापड तुमच्या स्वयंपाकघरात आले, तर त्यासाठी दिलेला पैसा भीक म्हणायचा की दाम? प्रश्न लहान दिसतो. पण त्यात समतेची कसोटी आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कापूस पिकतो. तसाच तो विदर्भातही पिकतो. तेथे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ साली कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे केले. पुढे अंध, मूकबधिर, हातापायाने अधू माणसेही तेथे आली. हातमागावर टॉवेल, चादरी, सतरंज्या विणून ती स्वतःची भाकरी कमावू लागली. पण आरंभी वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनचा भाजीपाला घ्यायलाही लोक कचरत.

हा विटाळ आपल्याला नवा आहे काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून त्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. ज्यांच्या बापजाद्यांच्या हातचा धागा बाटला, त्यांनीच दुसऱ्याच्या हातचे कापड बाटले म्हणावे काय? कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. बऱ्या झालेल्या माणसाने विणलेल्या कापडातून तो येत नाही. तेव्हा ही भीती म्हणजे निव्वळ अज्ञान होय.

परंतु विटाळाइतकीच कीवही घातक आहे. 'बिचाऱ्याने केले आहे, घेऊ या' असे म्हणून घेतलेले कापड घरात पडून राहते आणि कारागीर भिकारी ठरतो. गावकीत आपल्या वाडवडिलांनी रात्रंदिवस राबावे आणि मोबदल्यात शिळा तुकडा घ्यावा. त्यालाही मालक दयाच म्हणत! दयेने पोट भरले असेल, मान मात्र वर झाली नाही.

राजगृहाचा कुष्ठरोगी सुप्रबुद्ध आठवा. गर्दी पाहून तो अन्नाच्या आशेने आला. तथागतांनी त्याला हाकलले नाही, आणि नुसती कीवही केली नाही. याला धम्म कळेल हे ओळखून त्यांनी त्याला उपदेश केला. त्याच्यातला माणूस त्यांनी आधी पाहिला.

मग दान वाईट काय? मुळीच नाही. ज्याच्याने काम होतच नाही, त्याचाही समाजावर हक्क आहे, आणि त्याचा मान कमी नाही. पण जो काम करतो, त्याच्या हाती दामाऐवजी दान ठेवणे हा त्याच्या श्रमाचा अपमान आहे.

म्हणून कापड घेताना वीण पाहा, रंग पाहा, धुऊन टिकेल का विचारा. माल वाईट असेल तर तसे स्पष्ट सांगा. चांगला असेल तर पूर्ण दाम द्या. विकणाऱ्याची अडचण पाहून भाव पाडू नका. आणि आपल्या वस्तीत एखादा अपंग मुलगा दाराशी बसून असेल, तर त्याच्या हाती नाणे ठेवण्याआधी विचारा: बाळा, तुला कोणते काम शिकायला आवडेल?