अश्वशक्तीचा हिशेब

शक्ती मोजण्यासाठी माणसाने घोड्याचे नाव वापरले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट याला आपली वाफेची इंजिने विकावयाची होती. खाणींत आणि गिरण्यांत तोवर घोडे राबत असत. गिऱ्हाइकाला उमजेल अशा भाषेत आपल्या यंत्राचे बळ सांगावे, म्हणून त्याने एक माप ठरविले : तेहेतीस हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलण्याइतके काम, म्हणजे एक अश्वशक्ती. मापात घोड्याचे नाव राहिले. परंतु घोड्याचे दमणे, घामाने निथळणे, दाणावैरण मागणे आणि धन्याने फार हाकलले तर पाय रोवून उभे राहणे, हे सारे त्यातून गळून गेले. तेव्हापासून शक्तीचा आकडा उच्चारताना तिच्यामागच्या खर्चाची आठवण होणे अवघड झाले आहे.

हे सांगण्याचे निमित्त एका छंदाचे आहे. रोज रस्त्यावर चालवावयाच्या मोटारीत चारशे, पाचशे, क्वचित हजार अश्वशक्तीचे इंजिन बसविण्याचा छंद अमेरिकेत गेली पाऊणशेहून अधिक वर्षे जोपासला जात आहे. विषय आपल्या उंबरठ्यापासून दूरचा वाटेल. त्यात दडलेला नैतिक प्रश्न मात्र दूरचा नाही. आपली शक्ती वाढावी, असे माणसाला वाटणारच. परंतु वाढलेल्या शक्तीची किंमत कोणी मोजावयाची?

प्रथम गरजेचा विचार करू. सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटर या स्थिर वेगाने चालणाऱ्या सर्वसाधारण मोटारीला हवेचा आणि चाकांचा विरोध मोडून काढण्यासाठी वीस ते तीस अश्वशक्ती पुरते. चढण, सामान आणि पुढच्या वाहनाला ओलांडणे यांसाठी आणखी काही हाताशी असावी, हे रास्तच. तरीही चारशे घोड्यांच्या गाडीतील बहुतेक घोडे बहुतेक वेळ नुसते उभे असतात. मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर केवळ गर्व असे देणे अन्यायाचे होईल. वेगात आनंद आहे. स्वतःच्या हाताने जोडलेले यंत्र पहिल्यांदा धडधडू लागते, त्या क्षणाचे समाधान सुताराच्या किंवा गवंड्याच्या समाधानाहून वेगळे नाही. कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या कवडीमोलाने विकत घेत, त्यांचे अनावश्यक पत्रे उतरवीत, इंजिने उकलून पुन्हा बांधीत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवून पाहत. त्यांच्यापाशी पैसा थोडा होता आणि कौशल्य उदंड होते. अशा छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

या कारागिरांना जे ज्ञान झाले, ते मोठे मोलाचे आहे. शक्ती एकटी येत नाही, मागण्यांचा परिवार घेऊन येते, हे ते ज्ञान. इंजिनाने अधिक हवा ओढावी म्हणून कॅमशाफ्ट बदलला, व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे राहू लागले, की उच्च गतीला इंजिन जोमाने ओढते. परंतु सिग्नलपाशी उभे असता तेच इंजिन अडखळते, आचके देते. एवढ्यावर भागत नाही. ब्रेकवरील पायाला मदत करणारे साधन इंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालते, आणि असा कॅमशाफ्ट त्या निर्वाताला क्षीण करतो. पळण्यासाठी केलेला बदल थांबण्याच्या साधनाला दुबळे करतो! सिलिंडरमधील दाब वाढविला तर साधे पेट्रोल अवेळी भडकते आणि इंजिन ठोठावू लागते. म्हणून महाग पेट्रोल आले. ठोकून घडविलेले भक्कम पिस्टन घातले, तर ते तापल्यावर अधिक फुगतात. त्यासाठी फट जास्त ठेवावी लागते, आणि मग थंडीच्या सकाळी इंजिन खडखडते. वाढीव शक्तीबरोबर वाढीव उष्णता येते, म्हणून मोठा रेडिएटर. क्लच जड होतो आणि वाहतुकीच्या गर्दीत गुडघा भरून येतो. गिअरपेटी टिकली तर मागचा आस पिळवटून मोडतो. आस बदलला तर टायर जागच्या जागी फिरून झिजतात. एका ठिकाणी घातलेले बळ सगळ्यांत दुबळ्या भागाला शोधीत जाते आणि तेथे प्रकट होते.

म्हणूनच जाणता कारागीर किती अश्वशक्ती हवी हा प्रश्न आधी विचारीत नाही. ‘ही गाडी कशासाठी हवी?’ असे तो विचारतो. रोज कामावर जावयाचे आहे, की महिन्यातून एकदा शर्यतीच्या पट्टीवर उतरावयाचे आहे? मुले मागे बसणार आहेत काय? ॲरिस्टॉटलने सद्गुण हा दोन टोकांमधला मध्य मानला. पण तो मध्य सर्वांना सारखा नसतो, हेही त्यानेच सांगितले. नवशिक्या मल्लाला जे अन्न जास्त होईल, ते मायलोसारख्या पहिलवानाला अपुरे पडेल. गाडीचेही असेच आहे. गाडीचा मालक गैरसोय पत्करतो, पैसे घालवितो, गुडघेदुखी सोसतो आणि त्या बदल्यात आनंद घेतो. देणारा आणि घेणारा येथे एकच असतो. असा सौदा शहाणपणाचा असेल वा वेडेपणाचा असेल, अन्यायाचा नसतो. ‘अति तेथे माती’ ही आपली म्हण येथे इशारा देते, निवाडा देत नाही.

निवाड्याची वेळ येते ती सौद्याबाहेरच्या माणसाला किंमत मोजावी लागते तेव्हा.

१९६४ साली पाँटिॲक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली. या आकाराच्या गाडीत एवढे मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. इंजिन ‘ऐच्छिक साहित्य’ म्हणून देऊन तो नियम चुकविण्यात आला. गाडीची शक्ती ३२५ अश्वशक्ती, आणि अधिक पैसे मोजल्यास ३४८. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळण्यासाठी १९६७ साल उजाडावे लागले, आणि तेही जादा पैसे देऊन. या गोष्टीचे गांभीर्य समजण्यासाठी पदार्थविज्ञानातील एक साधा नियम आठवावा. वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सारी ब्रेकना उष्णता करून टाकावी लागते. ड्रम तापला की त्याची पकड ढिली पडते. गिऱ्हाइकाने शक्तीचा आकडा पाहिला, विक्रेत्याने तोच दाखविला. कारखान्याच्या फलकावर थांबण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत नव्हता. त्या रस्त्याने चालणाऱ्या वाटसरूला या व्यवहाराविषयी कोणी विचारले होते? १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटार उद्योगावर घणाघाती पुस्तक लिहिले आणि १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. सौद्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाची ती उशिरा घेतलेली दखल होती.

याहून विदारक उदाहरण शिशाचे आहे. अधिक दाबाच्या इंजिनाचे ठोठावणे थांबविण्यासाठी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून पाहिले. उपाय स्वस्त होता आणि गुणकारी होता. अल्कोहोलनेही ठोठावणे थांबते, हे त्यांना ठाऊक होते. १९२४ साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार शिशाच्या विषाने, भ्रमिष्ट होऊन दगावले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. साठच्या दशकातील त्या बलदंड गाड्या याच शिशाच्या आधारावर उभ्या होत्या, कारण त्यांच्या इंजिनातील दाबाला साधे पेट्रोल पुरत नव्हते. धुराड्यातून बाहेर पडलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत आणि श्वासात मिसळत राहिले. हर्बर्ट नीडलमन या वैद्यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्या मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कमी, असे त्यांनी १९७९ साली दाखवून दिले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९६ साली पूर्णपणे थांबली, आपल्या देशात २००० साली आणि जगाच्या पाठीवर शेवटी अल्जीरियात २०२१ साली. ज्या मुलाचे पाय अद्याप गाडीच्या पायपट्टीपर्यंत पोहोचत नव्हते, त्याने कोणाच्या तरी वेगाची किंमत आपल्या बुद्धीने मोजली. हा सौदा त्या मुलाने केला नव्हता आणि त्याच्या आईबापांनीही केला नव्हता.

असा सर्व दोष छंदिष्टांच्या माथी मारणे योग्य नाही, हे खरे. शिसे तर साध्या, दुबळ्या गाडीच्या पेट्रोलमध्येही होते. कोणी म्हणेल, प्रत्येक वाहन धूर सोडते, रुग्णवाहिकासुद्धा. मग रेषा कोठे ओढावयाची? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. रुग्णवाहिकेचा धूर आपण सोसतो, कारण उद्या त्याच गाडीची गरज आपल्याला पडेल, हे आपण जाणतो. तेथे देणेघेणे सर्वांचे आहे. एकाच्या करमणुकीचा भार दुसऱ्याच्या फुप्फुसांवर पडतो, तेव्हा ही परस्परता उरत नाही. सोसणाऱ्याला या व्यवहारात काही वाटा आहे काय, आणि त्याची संमती आहे काय, या दोन प्रश्नांनी रेषा पुष्कळशी स्पष्ट होते.

नवलाची गोष्ट अशी की, या छंदाने स्वतःच त्याचा एक मार्ग शोधला होता. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तरुणांची शर्यत भर रस्त्यावरून उचलून राखून ठेवलेल्या पट्टीवर न्यावी, तिला नियम आणि तपासणी असावी, हा तिचा हेतू होता. तेथे धोका संपला नाही. परंतु तो पत्करणारे जाणूनबुजून पत्करू लागले. आनंद नाकारल्याविना त्याला योग्य जागा देणे, ही नीतीच्या दृष्टीने लहान कामगिरी म्हणता येणार नाही.

दुसरी एक घटनाही बोलकी आहे. १९७२ पूर्वी अमेरिकन कंपन्या जी अश्वशक्ती जाहीर करीत, ती इंजिन चौकटीवर मोकळे ठेवून मोजलेली असे. त्याला गाडीतला सायलेन्सर नसे, पंख्यासारख्या उपकरणांचा भार नसे. १९७२ पासून ही सारी ओझी अंगावर घेतलेल्या इंजिनाची शक्ती सांगण्याची पद्धत रूढ झाली. त्याच सुमारास स्वच्छ हवेच्या कायद्यामुळे आणि शिसे कमी करण्यासाठी इंजिनातील दाबही उतरविला गेला होता, म्हणून आकडे दुहेरी कोसळले आणि छंदिष्ट हळहळले. पण आकडा ठेंगणा झाला, तसा अधिक खराही झाला. माणसाचे मोजमापही असेच करावे लागते. घर, शेजार, म्हातारे आईवडील, लहान मुले यांची ओझी उतरवून ठेवलेल्या माणसाची शक्ती कितीही मोठी दिसेल. ती ओझी वागवून जी उरते, तीच त्याची खरी शक्ती.

आता तर शक्ती पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहे. २०१५ सालच्या ‘हेलकॅट’ या डॉज गाडीची शक्ती ७०७ अश्वशक्ती होती, आणि तिच्याबरोबर दोन किल्ल्या मिळत. काळ्या किल्लीने इंजिन ५०० अश्वशक्तीवर आवरून धरले जाई. लाल किल्लीने पूर्ण शक्ती मोकळी होई. आवरून धरलेली शक्तीसुद्धा पाचशेची, हे वाचून हसू येते. तरीही मर्यादा ही यंत्रात बसविता येणारी गोष्ट आहे, अशी ती कबुलीच होय. कोणती किल्ली उचलावयाची, एवढे मात्र यंत्राने माणसावर सोपविले. २०१८ साली त्याच कंपनीच्या ‘डेमन’ या गाडीत वजन वाचविण्यासाठी चालकाशेजारचे आसनच काढून टाकलेले होते. हवे असल्यास ते एका डॉलरला मिळे. वेगासाठी सर्वांत आधी सोबत्याची जागा जावी, आणि ती परत मिळविण्याची किंमत एवढी क्षुल्लक असावी, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

आपल्या गल्लीतून सायलेन्सर बदललेली मोटारसायकल रात्री धडाडत जाते आणि आजारी माणसाची लागलेली झोप मोडते, तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. तो चालविणारा मुलगा बहुधा दुष्ट नसतो. आपल्याच एखाद्या घरचा असतो. त्याला वेगाचा आनंद नाकारू नये. त्याला जवळ बसवून एवढेच विचारावे : बाळा, तुझ्या या आनंदाचा खर्च तू स्वतः किती उचलतोस, आणि जो तुला दिसतही नाही अशा कोणावर किती टाकतोस? आणि त्याने उलटून आपल्याला तोच प्रश्न विचारला, तर आपल्या घराच्या, धंद्याच्या आणि मानमरातबाच्या वाढविलेल्या बळाचा हिशेब त्याच्यापुढे मांडण्याची आपलीही तयारी असली पाहिजे.