आपला कोण?



१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसच्या कांस्यपदकासाठी आपला लिअँडर पेस आणि ब्राझीलचा फर्नांडो मेलिजेनी समोरासमोर आले. पेसचे मनगट दुखावलेले होते. पहिला सेट त्याने ३-६ असा गमावला, मग ६-२, ६-४ असे दोन सेट जिंकून पदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक लाभले. साऱ्या देशाने त्याला 'आपला' म्हटले.

पण आपला म्हणजे कुठला? घराणे गोव्याचे, जन्म कोलकात्याचा, टेनिसचे शिक्षण चेन्नईत. मेलिजेनीचे तर त्याहून नवल. तो जन्माने ब्राझीलचा नव्हेच! अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला १९७१ साली जन्मला, लहानपणी घरच्यांबरोबर ब्राझीलला आला, पुढे तिथला नागरिक झाला. या दोन देशांचे फुटबॉलमधले वैर आपल्या भारत-पाकिस्तान सामन्यांसारखेच. तरी हा मुलगा ब्राझीलसाठी खेळला, १९९९ साली फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि २००३ साली पॅन अमेरिकन स्पर्धेचे सुवर्णपदक ब्राझीललाच देऊन निवृत्त झाला.

कोणी म्हणेल, गुणी माणसाला सगळेच जवळ करतात. खरे आहे. पण परमुलखातून आलेले ते पोर पुढे रॅकेट धरील, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? त्याला आधी जागा मिळाली. गुण नंतर दिसले. आम्हांला वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. जिंकून आलेल्याला आपला म्हणायला काही लागत नाही.

आपले नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. दिवाळीनंतर आपलीच माणसे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला पलीकडे जातात, मुकादमाची उचल फेडायला. तिथे ती महाराष्ट्रातली ठरतात. आणि इथे? मागे सणाच्या खेळांसाठी मुलांची नावे लिहून घेतली, तेव्हा तोडीला गेलेल्या घरांपाशी आम्ही थांबलो. "ती इथे असतात कुठे?" असे कोणी म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीत एकही नाव आले नाही. पावसाच्या तोंडावर माणसे परतली. त्यांतल्या एका मुलीने पहिल्याच रविवारी विचारले, "धावण्यात माझं नाव होतं का?"

आम्ही तिला काहीबाही सांगितले. ती धावते कशी, तेही आम्ही कधी पाहिलेले नाही.

यंदा खेळ पाऊस लागल्यावर, सारे घरी असताना ठेवावेत असे काहींचे मत आहे. मैदानात चिखल होईल, हेही खरे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर थोडे थांबावे, म्हणजे ठरवता येईल.