घटकाभर जागे राहू या



क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशू गेथशेमाने बागेत गेला. पेत्र, याकोब व योहान यांना त्याने सोबत नेले. दुःखाने त्याचा जीव कासावीस झाला होता. त्या तिघांकडे त्याने फार मोठे काही मागितले नाही. जवळ थांबा, जागे राहा, एवढेच त्याचे मागणे होते. तेवढेही त्यांच्याने झाले नाही. त्यांना झोप लागली.

आपल्या घरातील आईला किंवा वडिलांना कॅन्सर होतो. उपचार होतात, कर्ज होते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी घेऊन जा." आपण समजतो, सगळे संपले. खरे तर बरे करणे संपलेले असते, सांभाळणे संपलेले नसते. वेदना, धाप, उलट्या, झोप नसणे, मनातील भीती या सर्वांवर अजून खूप काही करता येते. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लॅटिन भाषेत 'पॅलियम' म्हणजे अंगावरचा झगा. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारे संत मार्टिन आपल्याला ठाऊक आहेत. ही सेवाही तशीच पांघरूण घालणारी आहे.

सिसिली सॉन्डर्स या ख्रिस्ती बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. मरणाऱ्या माणसाचे दुखणे फक्त शरीराचे नसते, ते मनाचे, कुटुंबाचे आणि आत्म्याचेही असते, हे त्यांनी जगाला शिकवले. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस आपल्याच जवळ आहे. सप्टेंबरात आपण मोतमाउलीच्या यात्रेला बांद्र्याला जातो. तिथेच, माउलीच्या मंदिराजवळ, 1986 साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 'शांती अवेदना सदन' उभारले. अखेरच्या टप्प्यातील कॅन्सर रुग्णांची तिथे धर्मभगिनी सेवा करतात. रुग्णाचा धर्म विचारला जात नाही. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे.

या सेवेविषयी आपल्यात काही गैरसमज आहेत. कोणी म्हणतो, "प्रभूने क्रूसावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आपणही गोळी न घेता सोसावे." बंधुभगिनींनो, प्रभूने ते स्वतःसाठी स्वीकारले. त्याच्याकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला "सोसत राहा" असे म्हणून त्याने परत पाठवले नाही. पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच स्पष्ट केले की, वेदना शमवणारे औषध घेणे योग्य आहे. दुसरा उपाय नसेल आणि हेतू फक्त वेदना शमवण्याचा असेल, तर त्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी ते घेता येते.

दुसरी भीती मॉर्फिनची. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळच्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण सहसा व्यसनी होत नाही. उलट तो शांत झोपतो, दोन घास खातो, नातवंडांशी बोलतो, प्रार्थना करू शकतो.

तिसरा गैरसमज असा की, हॉस्पिस म्हणजे मरण लवकर आणणे. दयामरण हे गंभीर पाप आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण ठाम आहे. पण ज्या उपचाराचा आता उपयोग नाही आणि ज्याचे ओझे फार आहे, तो थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे. वाडी विकून व्हेंटिलेटरचे आणखी चार दिवस विकत घेतलेच पाहिजेत, असे बंधन देव आपल्यावर घालत नाही. मात्र स्वच्छता, अन्नपाणी, कूस बदलणे, प्रेमाने बोलणे ही सेवा कधीही थांबवायची नाही. अशा सेवेला 'कॅटेकिझम' निःस्वार्थ प्रेमाचे एक खास रूप मानतो.

आणखी एक गोष्ट. "फादरांना बोलावले तर आजारी घाबरेल," म्हणून आपण थांबतो आणि रुग्ण बेशुद्ध झाल्यावर धावत येतो. रुग्णाभ्यंग केवळ शेवटच्या श्वासासाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आहे. गंभीर आजार कळताच बोलवा. आजाऱ्याला पापनिवेदन करता येऊ द्या, भावाभावांतील अबोला मिटवता येऊ द्या, प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर शुद्धीत स्वीकारता येऊ द्या. सत्य लपवून आपण त्याची ही संधी हिरावून घेतो.

या आठवड्यात आपल्या आळीत कोण अंथरुणाला खिळले आहे, ते पाहा. जाताना सल्ले व नवे वैद्य घेऊन जाऊ नका. थोडी पेज घेऊन जा. तासभर बसा, म्हणजे रात्रभर जागलेली सून किंवा मुलगी डोळा लावू शकेल. आजाऱ्याला बोलायचे असेल तर ऐका, नसेल तर हात धरून जपमाळेचे एक रहस्य म्हणा.

हे प्रभू येशू, तुझे शिष्य झोपी गेले. आमच्या घरातील आजाऱ्यांजवळ जागे राहण्याचे बळ आम्हांला दे. हे दुःखी माते मरिये, तू क्रूसाजवळ उभी राहिलीस, आमच्याजवळही उभी राहा. आमेन.