माळकऱ्याचा गळ

आमच्या तीर्थरूपांनी पासष्टाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, पण हातातला गळ काही सुटला नाही. मांजरीतल्या त्यांच्या भजनी मंडळाला हे कोडं गेली अकरा वर्षं उलगडलेलं नाही. एकादशीला टाळ कुटणारा माणूस द्वादशीला पाण्याकाठी बसून मोरपिसाच्या देठाकडे टक लावून बघतो, म्हणजे काय? अण्णांचं उत्तर ठरलेलं आहे. "माळ खाण्याच्या आड येते, धरण्याच्या नाही. मी धरतो आणि सोडतो. हिशेब मिटला."

हिशेब म्हटला की माझे कान टवकारतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि पंचवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेला कारकून. आमच्याकडे सकाळी काढलेले पैसे दुपारी परत भरले तर शिल्लक जुळते, पण पासबुकात नोंदी दोन होतात. मासा धरला ही एक, सोडला ही दुसरी. शिल्लक शून्य आली म्हणून व्यवहारच झाला नाही, असं कुठलाही ऑडिटर मान्य करणार नाही. शिवाय माशाच्या ओठाला पडलेलं भोक कोणत्या खाती टाकायचं?

माशांना काही कळत नाही, असं पूर्वी म्हणता येत असे. ती सोयही गेली. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात. मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पक्कड घेऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा चेपून सपाट करत बसले होते. म्हणजे गळ अलगद निघतो. मासाही निम्म्या वेळा अलगद निघून जातो, ते वेगळं.

आपल्या पुराणांना विचारावं, तर तिथेही एकमत नाही. मनूच्या ओंजळीत इवलासा मासा आला. त्याने तो घागरीत ठेवला, मग तळ्यात, मग नदीत, शेवटी समुद्रात नेऊन सोडला. प्रलय आला तेव्हा त्याच माशाने त्याची नाव ओढून नेली. मुद्दल व्याजासकट परत! उलट शकुंतलेची अंगठी गिळलेला मासा घ्या. तो धरणारा कोळी आमच्या अण्णांसारखा दयाळू निघाला असता, तर दुष्यंताला जन्मभर काही आठवलं नसतं, आणि कालिदासाला पाचव्या अंकातच पडदा पाडावा लागला असता.

तर गेल्या चैत्रात, पाडवा उलटल्यावर, अण्णा म्हणाले, "एकदा होडीतून धरायचाय मासा. काठावर बसून गुडघे धरतात." मांजरीला नदी आहे, मुळा-मुठा, पण चैत्रात तिच्यावर जलपर्णीचा असा काही गालिचा पसरतो की होडी घालण्यापेक्षा सतरंजी घालणं सोपं. म्हणून सोलापूर रस्त्याने भिगवणला गेलो, उजनीच्या फुगवट्यावर. कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी दाखवणाऱ्या होड्या मिळतात. पक्षी नकोत, मासे हवेत, म्हटल्यावर नावाडी खुलला. अण्णांच्या गळ्यातली माळ बघून पुन्हा मिटला.

पाणी ओसरत चाललेलं, ऊन अजून कोवळं. अण्णा होडीच्या नाळेशी बसले होते. काठी धरलेला हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, हे मला तिथे, त्या दोऱ्याच्या थरथरण्यावरून कळलं. घरी चहाच्या कपाने ते कधी सांगितलं नव्हतं. मी सुकाणूकडे बघत राहिलो.

मग मला उगाच सायक्सची आठवण झाली. विल्यम सायक्स हा इंग्रज लष्करी अधिकारी. दख्खनचे मासे गोळा करून त्याने त्यांची वर्णनं लंडनला 1839 साली छापली. त्यातला एक आपला महाशीर. त्याच्या शास्त्रीय नावात अजून 'खुद्री' हा शब्द आहे. तो सापडल्याचं ठिकाण दिलंय मुळा-मुठा, पुण्याच्या पूर्वेला सुमारे 8 मैल. पुण्यापासून पूर्वेला 8 मैल मोजा, पट्टी मांजरीच्याच आसपास येऊन थांबते! आमच्या दारात सापडलेला मासा लंडनला पोचला, आणि दारात मात्र आज त्याला शोधायला जायची कोणाची छाती नाही.

त्याला गळवाल्यांनी संपवलं म्हणावं, तर तसं नाही. 1879 साली खडकवासल्याचं धरण पुरं झालं, पुढे पानशेत, वरसगाव झाली, वाहतं पाणी अडलं. उरलेल्या प्रवाहात शहराने आपलं सांडपाणी सोडलं. ज्यांनी जन्मात मासळीला हात लावला नाही अशा सोवळ्या घरांचंही. गळाला एका वेळी एकच मासा लागतो. नळाचं तसं नाही. तेच पाणी रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं आणि उजनीत येतं. म्हणजे आम्ही भिगवणला पोचण्याआधी आमच्या न्हाणीघरातलं पाणी तिथे हजर होतं. भजनी मंडळ मात्र अण्णांच्या गळाचीच चौकशी करतं, कारण गळ दिसतो.

एवढ्यात मोरपीस बुडालं. अण्णांनी ओढलं, आणि तळहाताएवढी चिलापी होडीत फडफडली. अण्णांनी हात ओला केला, गळ काढला आणि ती पाण्यावर धरली. तोच नावाडी ओरडला, "आजोबा, सोडू नगा! ही चिलापी दुसऱ्या माशांची अंडी खाती. हिच्यापायी जुनं मासं ऱ्हायलं न्हाईत."

त्याचं खरं होतं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 साली आणलेली. पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे वंश वाढतो भराभर. अण्णांचा हात तसाच. सोडावी, तर इथल्या माशांच्या जिवावर. न सोडावी, तर माळ आड येते. मासा तोंड उघडझाप करत होता. अण्णांचंही तेच चाललं होतं.

"अरे, तू सांग," ते मला म्हणाले. सबंध आयुष्यात त्यांनी माझा सल्ला दोनदाच घेतला, पहिल्यांदा मुदत ठेवीच्या व्याजाबद्दल.

"अण्णा, तुम्ही धरलीय. तुम्हीच ठरवा."

त्यांनी ती नावाड्याच्या बादलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली. नावाड्याच्या घरी त्या रात्री कालवण झालं असणार. मग मारली कोणी? परतीच्या वाटेवर यवतपर्यंत आम्ही यावर बोलत होतो. अण्णांचं म्हणणं, दुसऱ्याच्या नावावर वर्ग केली की आपली जबाबदारी संपली. मी म्हटलं, बँकेत असं केलं तर जामीनदार सुटत नाही. त्यावर ते हसले, आणि थोड्या वेळाने झोपले.

भजनी मंडळात त्यांनी हे सगळं स्वतःहून सांगितलं. तिथे आता दोन तट आहेत, आणि मृदंग वाजवणारे तिसऱ्याच मताचे आहेत.

पुढच्या चैत्रात अण्णांना सत्त्याहत्तर पूर्ण होतील. नावाड्याला मी आत्ताच आगाऊ पैसे देऊन ठेवलेत. बँकेतला माणूस सहसा आगाऊ देत नाही.