उत्तरपत्रिका आणि व्यासपीठ

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांच्यापुढे आदर्श होता तो लंडन विद्यापीठाचा. आणि ते विद्यापीठ त्या काळी प्राधान्याने परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था असल्यामुळे, आपल्या विद्यापीठांचा जन्मच मुळी परीक्षा घेण्यासाठी झाला असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. तेव्हापासून तीन तासांच्या मुदतीत लिहिलेला मजकूर हाच विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या व्यासंगाचा अधिकृत दस्तऐवज मानण्याचा शिरस्ता चालत आला आहे, आणि त्या शिरस्त्याच्या आश्रयाने गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच, पाठ करावयाचे ‘हमखास’ निबंध आणि अलीकडे वर्गापुढे करावयाच्या सादरीकरणांचे तयार नमुने यांची एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली आहे.

या बाजारपेठेविषयी दोन मते ऐकू येतात. ज्याला विषय समजला त्याला उत्तर लिहिता येणारच, तेव्हा परीक्षेच्या युक्त्यांची चर्चा करणे हे विद्येला कमीपणा आणणारे आहे, असे व्यासंगी अध्यापकांना वाटते. तर विषय समजो वा न समजो, गुण मिळवून देण्याची हमी आम्ही घेतो, असे शिकवणीवर्गांचे चालक उघड किंवा आडून सुचवीत असतात. वरकरणी ही मते परस्परविरुद्ध दिसतात. परंतु विचार करणे हे एक काम आणि तो मांडणे हे दुसरे, अशी दोहोंचीही समजूत आहे. ही समजूतच मला अग्राह्य वाटते. मांडणीतली युक्ती जर खरोखर उपयोगी ठरत असेल तर ती विचाराचाच एक भाग असते, आणि जी विचाराचा भाग नसते ती फार काळ उपयोगी पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, गुणदानच जेथे बेभरवशाचे आहे तेथे विचाराचा आग्रह कोणाच्या कामाचा? हा आक्षेप निराधार नाही. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या नकला अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासावयास पाठविल्या, तेव्हा त्यांतील एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरापैकी 64 तर कोणी 98 गुण दिल्याचे आढळून आले. पुढे 1935 साली सर फिलिप हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडात केलेल्या पाहणीत तर तेच परीक्षक तीच इतिहासाची उत्तरपत्रिका वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासताना पुष्कळदा आपलाच पूर्वीचा निर्णय फिरवतात, असे दिसले. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि 1929 साली हिंदुस्थानातील शिक्षणाचा अहवाल ज्यांच्या अध्यक्षतेखाली सादर झाला तेच गृहस्थ. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगानेही विद्यापीठीय सुधारणांत परीक्षेच्या सुधारणेला अग्रस्थान दिले, ते उगीच नव्हे.

परंतु गुणदानातील ही लहर केवळ नियमांच्या बळावर नाहीशी करता येते काय? चीनमध्ये हा प्रयोग शतकानुशतके झाला. राजसेवेच्या परीक्षेत उमेदवाराचे हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून प्रत्येक उत्तराची नक्कल करवून तीच परीक्षकापुढे ठेवण्याची व्यवस्था तेथे होती. आणि मिंग व छिंग राजवटींच्या अमदानीत निबंधाचा साचाही आठ भागांत काटेकोरपणे बांधून देण्यात आला. फळ असे झाले की साचा निर्दोष भरणारे उमेदवार निपजले, पण साच्याबाहेरच्या प्रश्नाशी झगडण्याची शक्ती आटली असा बोभाटा तेथील विचारवंतांनीच केला, आणि अखेर 1905 साली ती परीक्षापद्धतीच मोडीत निघाली. आठ भागांच्या निबंधाला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला फारसा नाही; ‘प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार’ या चौकटीत नदीपासून निवडणुकीपर्यंत कोणताही विषय कोंबणारे आपले निबंध त्याच कुळातले आहेत.

तेव्हा परीक्षकाची लहर विद्यार्थ्याच्या हाती नाही हे मान्य करूनही, परीक्षकाला तर्क करण्यास किती वाव ठेवावयाचा हे मात्र त्याच्या हाती असते. उत्तर जितके संदिग्ध तितका परीक्षकाच्या स्वभावाला अवसर अधिक. म्हणून पहिली गोष्ट प्रश्न वाचण्याची. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘सकारण चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’ ही क्रियापदे प्रश्नकर्त्याने शोभेसाठी वापरलेली नसतात. प्रत्येकात निराळी आज्ञा असते. 1857 च्या उठावाच्या कारणांचे मूल्यमापन मागितले असता जो विद्यार्थी कारणांची यादी देऊन थांबतो, त्याला माहिती पुष्कळ असूनही त्याने प्रश्नाला हात लावलेला नसतो. कोणते कारण निर्णायक, कोणते केवळ निमित्त, आणि हे कशावरून, एवढे सांगितल्यावाचून ते उत्तर पुरे होत नाही.

या कामी आपल्या मीमांसकांनी घालून दिलेली अधिकरणाची पद्धत आजही मार्गदर्शक आहे. विषय कोणता, त्याविषयी संशय कोठे उत्पन्न होतो, पूर्वपक्ष काय म्हणतो, त्याला उत्तर काय, आणि त्यातून निर्णय कोणता निघतो, असा तिचा क्रम. चिनी साचा आणि हे अधिकरण यांत महत्त्वाचा भेद असा की, अधिकरणात संशयाला हक्काची जागा आहे. ज्या प्रश्नाविषयी संशयच नाही त्यावर निबंध लिहिण्याचे प्रयोजन नाही, आणि पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून सिद्धान्ताला वजन नाही. दहा मिनिटे खर्चून हे पाच टप्पे जो कच्च्या मसुद्यात टिपून ठेवतो, त्याची लेखणी पुढे अडखळत नाही. वेळेचा हिशेबही याच विवेकाचा भाग होय. पाच प्रश्नांना सारखे गुण असताना आवडत्या प्रश्नावर तासभर रेंगाळून पाचवा प्रश्न कोरा सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. कारण चांगल्या उत्तरात आणखी दोन गुण मिळविण्यास जेवढे श्रम पडतात, त्याहून पुष्कळ कमी श्रमात न लिहिलेल्या उत्तराचे पहिले पाच गुण पदरात पडतात.

स्मरणशक्तीविषयीही येथे सांगितले पाहिजे. घोकंपट्टीची निंदा करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण पाठांतर सर्वस्वी त्याज्य आहे असे ज्या देशात वेदांचे क्रम, जटा आणि घन हे पाठ मुखोद्गत ठेवले गेले त्या देशात कोणी म्हणू नये. तेथे अक्षर बदलू नये हाच उद्देश होता, आणि तो साधला. निबंधपरीक्षेचा उद्देश उलटा आहे: एकच माहिती नव्या प्रश्नासाठी नव्या क्रमाने उभी करता आली पाहिजे. म्हणून पुस्तक पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून, वाचलेले स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरविण्याचा सराव अधिक फलदायी ठरतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व काही पाठ आहे असे वाटणे आणि सकाळी काहीच न सुचणे यांचा उलगडा यात बराचसा होतो.

याहून कठीण प्रश्न मताच्या धैर्याचा. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना न्यायमूर्ती रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राजवटीशी तुलना करून इंग्रजी अमलावर टीका केली, आणि त्याबद्दल प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही काळ रोखली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. परीक्षकाला रुचेल तेच लिहावे, असा धडा यातून घेणारे घेतील. मला त्यातून दुसरा अर्थ दिसतो: प्रतिकूल वाचकापुढे मत मांडावयाचे तर पुरावा दुप्पट हवा आणि भाषा निम्मी चढी. मत लपविणे ही नीती नव्हे, आणि आधारावाचून ते मिरविणे हेही शौर्य नव्हे.

वर्गापुढे उभे राहून बोलण्याची परीक्षा आपल्याकडे नवी समजली जाते. पण एक अभंग घेऊन त्यावर दोन तास श्रोत्यांना जागे ठेवणारी कीर्तनसंस्था ज्यांच्या गावोगावी होती त्यांना ती नवी वाटण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानाने दृढ केला जातो. मधूनमधून मूळ पदाकडे परत येण्याची जी चाल आहे तिचे मर्म असे की, वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला येत नाही. आजचा विद्यार्थी पडद्यावर दाट अक्षरांत मजकूर दाखवितो आणि वर्गाकडे पाठ करून तोच वाचतो; श्रोता वाचावे की ऐकावे या पेचात पडून दोन्ही सोडून देतो. पडद्यावर आकृती, नकाशा किंवा चार शब्द असावेत, बाकीचे बोलणाऱ्याच्या मुखात असावे, आणि दहा मिनिटांच्या भाषणात एकच प्रतिपाद्य असावे. शेवटी येणाऱ्या प्रश्नांना भिऊ नये. माहीत नसेल तर तसे सरळ सांगणारा वक्ता, उत्तर रेटून नेणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

तथापि सर्व भार विद्यार्थ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाला दहा वर्षांच्या शाळेत एकदाही उभे राहून स्वतःचे मत सांगण्याची पाळी आली नाही, त्याच्याकडून महाविद्यालयात एकाएकी, आणि तेही पुष्कळदा परक्या भाषेत, सफाईदार भाषणाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीलाच गुण देणे होय. घरी पुस्तके असलेला आणि सभेत वावरलेला मुलगा तेथे आधीच जिंकलेला असतो. प्रश्नपत्रिकेचेही तसेच. वर्षानुवर्षे फिरून तेच प्रश्न विचारणारा प्रश्नकर्ता गाईडांचा खरा आश्रयदाता आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर छापून विकता येते तो प्रश्न विचारणे त्याने थांबविले, तर ती बाजारपेठ कोणत्याही बंदीहुकुमावाचून ओसरू लागेल.

म्हणून अध्यापकांना विनंती अशी की, मुलांना चुकण्याची मुभा असेल असे बोलण्याचे आणि लिहिण्याचे प्रसंग गुणांचा हिशेब न ठेवता दर आठवड्याला द्यावेत, आणि तपासलेल्या निबंधावर नुसता आकडा न घालता तो आकडा कशामुळे, हे दोन ओळींत लिहावे. विद्यार्थ्यांना सांगणे इतकेच की, परीक्षक हा फसवावयाचा प्रतिपक्ष नाही. थकलेला, घाईत असलेला, पण समजून घेण्याची इच्छा असलेला तो एक वाचक आहे. आपला विचार त्याला सायासावाचून कळावा एवढ्यासाठी जे जे कराल ते सर्व न्याय्य आहे, आणि पदवीचा कागद हाती पडल्यानंतरही उपयोगी पडेल ते तेवढेच.