आधी झावळ्या आण

मॉरिशसमधल्या माहेबूर गावात एक म्हातारा कोळी राव्हान वाजवायचा. राव्हान म्हणजे आपल्या डफाचीच बहीण, पण घेरानं मोठी: लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. समुद्राच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते जाळावर शेकायचं. टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा शेकायचं. मग नाद घुमतो आणि सेगा, म्हणजे तिथला गाण्या-नाचाचा प्रकार, रंगतो.

होडीच्या इंजिनासाठी साठवलेले पैसे घालून त्यानं स्वतःच्या गाण्यांच्या पाचशे सीड्या काढल्या. स्टुडिओवाला पोर्ट लुईचा, मराठी वंशाचा. त्यानं आधीच बजावलं होतं, "तोंतों, सगळं बेट मिळून माणसं बारा-तेरा लाख. त्यात रेडिओवर मुंबई, पॅरिस, अमेरिका रांगेत पुढे. तुझ्या वाट्याला कान किती येणार?" (तिथं काका-मामा सगळे तोंतोंच.)

गाणं मात्र चाललं. सोमवारच्या बाजारात ते पेन ड्राइव्हवर मिळू लागलं, बसमध्ये वाजू लागलं. सीड्या पलंगाखालीच राहिल्या. चोर शोधायचा तरी कुठं? पाववाल्याला बहिणीनं दिलं, बहिणीला जावयानं. मोठ्या देशात फुकट नक्कल करणारा परका तरी असतो. इथं तो रविवारी आपल्याच घरी जेवायला येतो.

2014 साली युनेस्कोनं पारंपरिक सेगा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. भाचा धावत आला. "तोंतों, आता जग आपल्याला ओळखतं! माझ्या लग्नात तूच वाजवायचं. घरचंच काम!" पैशांचा विषय निघालाच नाही. म्हातारा बरं म्हणाला.

लग्नाच्या रात्री त्यानं थाप मारली. ओल्या पोत्यावर काठी आपटावी तसा आवाज आला.

"शेकली नाहीस?"

"झावळ्या कुठं आहेत? घरचं काम, म्हटलं जाळही घरचाच असेल."

भाचा गोरामोरा झाला. तेवढ्यात कुणीतरी स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला. म्हाताऱ्याचंच गाणं. मांडव नाचायला उठला. म्हातारा राव्हान काखेला मारून फाटकाकडे निघाला.

गाणं मध्येच तुटलं. भाचा पेन ड्राइव्ह मुठीत धरून मागे धावत आला.

"तोंतों, ती सीडी... केवढ्याला होती?"

म्हातारा थबकला.

"आधी वाळक्या झावळ्या आण. भाव मग सांगतो."