शिकार हलाल, शिकाऱ्याचे काय?

अमेरिकेत परवाना घेऊन धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते आणि तेथे स्थायिक झालेले काही मुस्लिमही ती करतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. तरीही या शिकारीतून उभा राहणारा प्रश्न सर्वांनाच लागू पडतो: एखाद्या कृतीचे फळ हलाल ठरले, म्हणजे ती कृती निर्दोष ठरते काय?

जो प्राणी हाती लागत नाही, त्याच्या गळ्यावर सुरी फिरवता येत नाही. म्हणून शरीअतने सवलत दिली आहे. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या बाणाची धारदार जखम शरीरावर कोठेही झाली आणि शिकारी पोहोचण्यापूर्वी प्राणी तिनेच मेला, तर ती जखम जबहच्या जागी धरली जाते. मात्र हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी शिकारीविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या सवलतीच्या मर्यादाही सांगितल्या. बाण आडवा लागून केवळ आघाताने प्राणी मेला, तर तो खाऊ नये. तो पाण्यात मृत सापडला, तरीही खाऊ नये. कारण तो बाणाने मेला की पाण्याने, हे कळत नाही.

हे झाले मांसाविषयी. आता प्राण्याकडे पाहू. बाण मारतो तो रक्तस्रावाने. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का तो देत नाही. हरणाचे हृदय व फुफ्फुसे पुढच्या पायाच्या लगतच मागे, छातीत असतात. हरीण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असेल, तर बाण दोन्ही फुफ्फुसे भेदतो आणि ते काही सेकंदांत कोसळते. तोच बाण एक वीत मागे, पोटात लागला, तर मरण यायला कित्येक तास लागतात. समोरासमोर उभ्या हरणाच्या छातीचे हाड बाण वळवू शकते.

शिवाय हरीण स्थिर राहीलच असे नाही. बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर, तर आवाजाचा सुमारे ३४० मीटर. ३० मीटरवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी ऐकू येतो. सावध हरीण उसळी घेण्यासाठी तेवढ्यात अंग खाली दबते आणि अचूक नेमही चुकतो.

आता असे हरीण डोळ्यांसमोर आणा, जे पोटात बाण घेऊन निसटले आणि पुन्हा सापडलेच नाही. त्याचे मांस कोणाच्याही ताटात येणार नाही. म्हणून हलाल-हरामचा प्रश्नच उद्भवत नाही. मग तेथे काहीच घडले नाही काय? एका जिवाने रात्रभर यातना भोगल्या, त्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

याचे उत्तर एहसानच्या शिकवणीत आहे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम आचरण बंधनकारक केले आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) जबह करताना सुरीला धार लावण्याची व प्राण्याला आराम देण्याची ताकीद दिली. शिकारीत या धारेचा अर्थ केवळ पात्यापुरता उरत नाही. सराव, योग्य अंतर, योग्य कोन आणि हे जुळून आले नाही तर ताणलेली प्रत्यंचा सैल करणे, हे सर्व त्यात येते.

कोणी म्हणेल, शरीअतने जखमेची जागा ठरवून दिली नाही, मग आपण सवलत का आखडावी? परंतु सवलत आखडली जात नाही. मांस हलालच राहते. कोठेही लागलेली जखम पुरेशी मानणे ही शिकाऱ्याच्या असमर्थतेला दिलेली सूट आहे, बेफिकिरीला दिलेला परवाना नव्हे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, ती याच भूमिकेतून. अन्नासाठी घेतलेला प्राण वेगळा आणि नशीब आजमावण्यासाठी सोडलेला बाण वेगळा.

बिस्मिल्लाह म्हणणे म्हणजे अल्लाहच्या परवानगीने त्याच्याच निर्मितीला हात लावत आहोत, ही कबुली होय. ज्याला आपला बाण कोठे लागेल याची वाजवी खात्री नाही, त्याने ते नाव घेऊन प्रत्यंचा सोडावी काय? अशा वेळी रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिकाऱ्याला मांस मिळत नाही; परंतु त्याने आपली अमानत राखलेली असते.